हिरवी खूण नेमकी कशाची? एका लायब्ररीच्या सीआयमध्ये सुसंगतता चाचण्या जोडण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, पायथनमध्ये लिहिलेली आहे. मोजणी-उपकरणांच्या लॉग फाइली वाचणे, त्यांतील नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस प्रणालीच्या एका फाइलमध्ये साठवणे आणि त्यांवरून सरासऱ्या काढणे एवढेच तिचे काम. तिची देखभाल आम्ही तिघे करतो आणि तिघांचाही हा पोटापाण्याचा उद्योग नाही. पुढचे बरेचसे निर्णय या मर्यादेतूनच आलेले असल्यामुळे ती आधी सांगून टाकलेली बरी. २०२४ च्या सुरुवातीला पॅकेजच्या माहितीत दोन दावे लिहिलेले होते: पायथन ३.८ किंवा त्यापुढील, आणि नमपाय (संख्यांच्या गणिताचे पायथन पॅकेज) १.१७ किंवा त्यापुढील. सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत, मात्र एकच जॉब (चाचण्यांची एक फेरी) होता. तो लिनक्सवर, पायथन ३.१२ घेऊन, त्या दिवशी पिपला (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) मिळेल ती प्रत्येक डिपेंडन्सीची (लायब्ररीला लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजची) सर्वांत नवी आवृत्ती बसवून चालत असे. म्हणजे दावा पाच पायथन आवृत्त्यांचा आणि तपासणी एकीची. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, परंतु यशस्वी जॉबची हिरवी खूण रोज दिसू लागली की ती कशाची ग्वाही देते आहे हे विचारण्याची सवय सुटते.

तीन तक्रारी

त्या वर्षीच्या पहिल्या रिलीजनंतर आठवडाभरातच तीन तक्रारी आल्या आणि तिन्ही वेळी आमच्या यंत्रांवर सर्व काही सुरळीत चालत होते.

पहिली तक्रार पायथन ३.९ वापरणाऱ्याची होती. आमच्यापैकी एकाने वेळ वाचणारा जुना, हाताने लिहिलेला कोड काढून त्याच्या जागी डेटटाइम वर्गाची फ्रॉमआयसोफॉरमॅट ही तयार पद्धत वापरली होती. बदल चांगलाच होता. कोड कमी झाला आणि वाचायला सोपा झाला. पण आमच्या लॉगमधील वेळेच्या शेवटी यूटीसी दर्शवणारे ‘झेड’ हे अक्षर असते आणि ते स्वीकारण्याची सोय या पद्धतीत पायथन ३.११ पासून आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत ही पद्धत आयसोफॉरमॅटने स्वतः लिहिलेले रूपच वाचू शकत असे. त्यामुळे ३.८, ३.९ आणि ३.१० या तिन्हींवर लायब्ररी पहिल्याच नोंदीला व्हॅल्यू एरर देऊन थांबत होती, आणि ३.१२ वरच्या सीआयला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरी तक्रार विंडोजवरची होती आणि ती अधिक चमत्कारिक होती. वापरकर्त्याने मोजमापांची नावे देवनागरीत लिहिली होती. त्याचे म्हणणे असे, की ‘आर्द्रता’ असलेली फाइल उघडताना प्रोग्राम कोसळतो, तर ‘तापमान’ असलेली फाइल उघडते, पण तिच्यात भलतीच अक्षरे दिसतात. कारण शोधल्यावर साधे निघाले. आमच्या कोडमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) सांगितलेलेच नव्हते. अशा वेळी पायथन विंडोजवर यंत्रणेचे कोडपेज (तिचे ठरलेले एन्कोडिंग) घेतो आणि त्याच्या संगणकावर ते सीपी१२५२ होते. त्याची फाइल मात्र यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये होती आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. हलन्त चिन्हाचा तिसरा बाइट षोडशमान पद्धतीत ८डी येतो आणि सीपी१२५२ मध्ये त्या बाइटाला कोणतेही अक्षर नेमलेले नाही. म्हणून जोडाक्षर असलेला शब्द आला की त्रुटी येते. ह्रस्व उकाराचा तिसरा बाइट ८१, ‘झ’चा ९डी, त्यांचीही तीच गत. ‘तापमान’ किंवा ‘दाब’ या शब्दांतील सर्व बाइटांना त्या कोडपेजमध्ये कोणते ना कोणते अक्षर असल्यामुळे ते शब्द तक्रार न करता चुकीचे वाचले जातात. माझ्या मते या दोहोंत कोसळणारी फाइल परवडली, कारण न कोसळणारी बिघडलेली नावे डेटाबेसमध्ये जाऊन बसत होती.

तिसरी तक्रार डेबियन ११ या लिनक्स वितरणावरून आली. नोंद घालताच तिचा क्रमांक परत मिळावा यासाठी आम्ही एसक्यूलाइटचे रिटर्निंग हे कलम वापरले होते. हे कलम मार्च २०२१ मधील ३.३५.० या आवृत्तीत आले. डेबियन ११ मध्ये एसक्यूलाइटची ३.३४.१ ही आवृत्ती आहे. एका पायरीने हुकले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एसक्यूलाइट ही आमची डिपेंडन्सी आहे हे पॅकेजच्या माहितीत कोठेही लिहिलेले नव्हते आणि लिहिण्याची सोयही नाही. ती पायथनसोबत येते. लिनक्सच्या वितरणांत पायथन सहसा वितरणाच्याच एसक्यूलाइटला जोडलेला असतो, तर पायथनच्या अधिकृत विंडोज व मॅकओएस इन्स्टॉलरमध्ये तिची स्वतंत्र प्रत असते. त्यामुळे पायथनची आवृत्ती सारखी असूनही एसक्यूलाइट वेगळी असू शकते.

आधी वचन, मग मॅट्रिक्स

पहिली प्रतिक्रिया सर्व काही तपासण्याची होती. पाच पायथन आवृत्त्या, तीन ऑपरेटिंग सिस्टिम, डिपेंडन्सींच्या किमान व नवीनतम अशा दोन टोकांच्या आवृत्त्या आणि एसक्यूलाइट जुनी किंवा नवी, असा गुणाकार केला तर साठ जॉब होतात. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या एका मॅट्रिक्समध्ये (या सीआय सेवेतील जॉबांच्या तक्त्यात) २५६ जॉबांपर्यंत मुभा असल्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती. अडचण वाचणाऱ्यांची होती: साठांपैकी चार जॉब नेटवर्कच्या कारणाने लाल झाले, तर ते उघडून पाहणारे आम्ही तिघेच, आणि महिनाभरात लाल रंगाकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली असती. घटकांची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाईल अशी मांडणी करण्याचाही विचार झाला. अशा मांडणीला किमान पंधरा जॉब लागतात, कारण पाच आवृत्त्या आणि तीन सिस्टिम यांच्याच पंधरा जोड्या होतात.

मग आम्ही तक्रारींकडे परत आलो. तारखेचा दोष केवळ पायथनच्या आवृत्तीवर अवलंबून होता, एन्कोडिंगचा केवळ सिस्टिमवर आणि तिसरा केवळ एसक्यूलाइटवर. दोन घटक एकत्र आल्यामुळेच घडला असा एकही दोष नव्हता. या निरीक्षणावर विसंबून मांडणी ठरवली: लिनक्सवर पाचही पायथन आवृत्त्या, विंडोज आणि मॅकओएसवर केवळ दोन टोकांच्या म्हणजे ३.८ व ३.१२, डिपेंडन्सींच्या किमान आवृत्त्यांसाठी लिनक्सवर ३.८ चा एक जॉब, आणि डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) एक. एकूण अकरा. तीन तक्रारींवरून काढलेला हा निष्कर्ष पुढे आम्हाला महागात पडला, त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

मॅट्रिक्सची फाइल लिहिण्याआधी मात्र एक काम केले, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील ते सर्वांत उपयोगी काम होते. आम्ही वचन लिहून काढले. पायथनची कोणती आवृत्ती कधीपर्यंत चालेल? वैज्ञानिक पायथनच्या प्रकल्पांनी मिळून ठरवलेल्या स्पेक ० या शिफारशीनुसार पायथनची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून तीन वर्षांनी तिचा आधार सोडता येतो. पायथनचे स्वतःचे देखभालीचे चक्र मात्र पाच वर्षांचे आहे. आमचे वापरकर्ते उपकरणांना जोडलेल्या आणि क्वचितच अद्ययावत होणाऱ्या संगणकांवर काम करतात, म्हणून पाच वर्षांचा पर्याय निवडला. एसक्यूलाइटची किमान आवृत्ती ३.३४ ठरवली, रिटर्निंग कलम काढून नोंदीचा क्रमांक कर्सरकडून (डेटाबेसशी बोलणाऱ्या पायथनच्या वस्तूकडून) घेतला, आणि लायब्ररी सुरू होतानाच आवृत्ती तपासून समजेल असा संदेश देण्याची व्यवस्था केली. वचन लिहिल्यानंतर मॅट्रिक्समधील प्रत्येक ओळीला विचारता येऊ लागले की ती कोणत्या वाक्यासाठी उभी आहे.

खोट्या हिरव्या खुणा

मॅट्रिक्सची फाइल ज्यात लिहितात त्या वायएमएलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले ३.१० हे संख्या म्हणून वाचले जाऊन ३.१ होते, या प्रसिद्ध खड्ड्यात आम्हीही पडलो. पण पायथन ३.१ सापडत नाही अशी त्रुटी लगेच आल्यामुळे त्यात नुकसान काही झाले नाही. फेल-फास्ट ही सोय मुळातच चालू असते आणि एक जॉब पडला की उरलेले रद्द करते. सुसंगतता चाचणीत कोणकोणत्या ठिकाणी बिघडले हीच खरी माहिती असल्यामुळे ती बंद केली. या गोष्टी किरकोळ होत्या. खरा त्रास झाला तो जे जॉब हिरवे होते आणि व्हायला नको होते त्यांचा.

विंडोजचे दोन्ही जॉब पहिल्याच दिवशी हिरवे आले. एन्कोडिंगचा दोष तोवर दुरुस्तच केलेला नव्हता! चाचण्यांसाठी ठेवलेल्या सर्व नमुना फाइलींत केवळ रोमन अक्षरे आणि अंक होते, आणि तेवढ्यापुरते सीपी१२५२ व यूटीएफ-८ यांच्यात काही अंतर नाही. म्हणजे सिस्टिम बदलली, पण तिच्यातील फरक उघड करणारी सामग्री चाचणीत नव्हती. देवनागरी, ग्रीक आणि जपानी नावांच्या फाइली टाकल्यावर जॉब लाल झाला आणि मग दुरुस्ती केली. त्याच वेळी पायथन ३.१० मध्ये आलेली, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडल्यास सूचना देणारी सोय एका जॉबमध्ये चालू केली आणि ती सूचना त्रुटी मानावी असे ठरवले. पीईपी ६८६ या पायथनच्या बदल-प्रस्तावानुसार पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ वर्तन ठरलेले आहे, पण आमच्या वचनातील आवृत्त्या त्याच्या बऱ्याच आधीच्या आहेत.

किमान आवृत्त्यांच्या जॉबची कथा अधिक लाजिरवाणी आहे. पिप नेहमी चालण्याजोगी सर्वांत नवी आवृत्ती निवडतो. किमान आवृत्त्या बसवण्यासाठी त्या नेमक्या लिहिलेली कन्स्ट्रेंट फाइल द्यावी लागते. पहिल्या दिवशी नमपाय १.१७.० बसेना, कारण तिच्यासाठी पायथन ३.८ चे तयार व्हीलच (थेट बसवता येणारे पॅकेज) नव्हते, ते १.१७.३ पासून मिळते. आमच्या दाव्याचे खालचे टोक मुळातच हवेत होते हे तेव्हाच कळायला हवे होते. आम्ही आकडा १.१७.३ केला, जॉब हिरवा झाला आणि आम्ही पुढे गेलो. काही आठवड्यांनी दुसऱ्याच कारणाने जॉबचा लॉग चाळताना दिसले, की चाचणीची साधने बसवणाऱ्या पुढच्या टप्प्याला कन्स्ट्रेंट फाइल दिलेलीच नव्हती. त्यांपैकी एका साधनाला नवी नमपाय हवी होती आणि पिपने गाजावाजा न करता जुनी काढून नवी बसवली होती. इतके दिवस ‘किमान’ नावाचा जॉब किमान सोडून बाकी सर्व तपासत होता. चूक सुधारताच तो लाल झाला: सरकत्या सरासरीसाठी आम्ही वापरलेले स्लायडिंग विंडो व्ह्यू हे फंक्शन नमपाय १.२० मध्ये आलेले आहे. म्हणजे १.१७ चा दावा कितीतरी काळ खोटा होता. तो १.२० केला.

यावर केलेला उपाय छोटा आहे, पण मी तो प्रत्येक प्रकल्पात सुचवेन. आता प्रत्येक जॉबमध्ये सर्वांत आधी एक चाचणी चालते, जी पायथन, नमपाय व एसक्यूलाइट यांच्या प्रत्यक्ष बसलेल्या आवृत्त्या पाहते आणि मॅट्रिक्समध्ये त्या जॉबसाठी अपेक्षित लिहिलेल्या आवृत्त्यांशी ताडून पाहते. त्या जुळल्या नाहीत तर पुढच्या चाचण्यांना अर्थ नाही, म्हणून जॉब तेथेच पडतो. लॉगमध्ये आवृत्त्या नुसत्या छापणे पुरेसे नाही. हिरव्या जॉबचा लॉग कोणी उघडत नाही. याच सुमारास चाचण्या मूळ फोल्डरमध्ये चालत असल्यामुळे बसवलेले पॅकेज न तपासता स्रोत-कोडच तपासला जात असल्याचेही आढळले. आता आधी व्हील तयार होते आणि चाचण्या वेगळ्या फोल्डरमधून त्यावर चालतात.

जुन्या फाइली

आतापर्यंतचे सर्व बाहेरच्या जगाशी सुसंगत असण्याबद्दल होते. वापरकर्त्यांना त्याहून जास्त चिंता असते ती स्वतःच्या जुन्या फाइलींची, आणि त्यांच्यासाठी एकही चाचणी नव्हती. म्हणून आतापर्यंतच्या प्रत्येक रिलीजची जुनी प्रत बसवून, तिच्याकडून एक छोटी डेटाबेस फाइल लिहवून घेतली आणि त्या सर्व फाइली रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) ठेवल्या. आजचा कोड त्यांतील प्रत्येक फाइल उघडतो, गरज असल्यास तिची रचना नव्या स्वरूपात आणतो आणि नोंदी अपेक्षेप्रमाणे आहेत का ते तपासतो. रचनेचा क्रमांक एसक्यूलाइटच्या यूझर व्हर्जन या प्रॅग्मात (डेटाबेसच्या एका सेटिंगमध्ये) ठेवलेला आहे. हा आकडा फाइलच्या शीर्षभागातच असल्याने वेगळे टेबल लागत नाही.

या चाचण्यांचा शत्रू सद्हेतू असतो. एका पुल रिक्वेस्टमध्ये (कोड बदलण्याच्या प्रस्तावात) रचना बदलल्यामुळे जुन्या फाइलीची चाचणी पडली, तेव्हा बदल करणाऱ्याने ती फाइलच नव्या कोडने पुन्हा तयार करून टाकली आणि चाचणी हिरवी केली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण इतर बऱ्याच चाचण्यांत नमुना फाइल नव्याने बनवणे हाच रिवाज असतो. आता त्या फाइलींचे एसएचए-२५६ ठसे (फाइल बदलली की बदलणारे, तिच्यावरून काढलेले आकडे) वेगळ्या यादीत आहेत आणि ठसा बदलला तर संदेश येतो की ही फाइल जुन्या रिलीजने लिहिलेली असून ती कधीही बदलायची नाही. ही व्यवस्था विंडोजवर लगेचच मोडली, कारण कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने तेथे मजकुराच्या फाइलींतील ओळींचे शेवट बदलले होते. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये तो फोल्डर बायनरी म्हणून नोंदवल्यावर प्रश्न मिटला.

नमपाय २.०

दर रात्री चालणारा एक बारावा जॉब आम्ही मॅट्रिक्सच्या बाहेर ठेवला. तो डिपेंडन्सींच्या प्रसिद्ध न झालेल्या, चाचणीसाठी काढलेल्या आवृत्त्या बसवतो. तो पडला तरी कोणाचीही पुल रिक्वेस्ट अडत नाही. त्याऐवजी इश्यू (अडचणीची नोंद) उघडला जातो. दुसऱ्याच्या अर्धवट आवृत्तीमुळे आपला सहयोगी अडून बसणे योग्य नाही, आणि नुसता लाल जॉब रात्री कोणी पाहत नाही, म्हणून ही सोय. शिवाय सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब वेळापत्रकावर चालणारे वर्कफ्लो बंद करते, हे शांत प्रकल्पांनी ध्यानात ठेवावे.

नमपाय २.० ही १६ जून २०२४ रोजी प्रसिद्ध झाली, पण तिच्या उमेदवार आवृत्त्या त्याआधीच मिळत होत्या आणि त्यांवर हा जॉब पडला. या आवृत्तीत एकेकट्या संख्येचे रिप्र रूप (पायथन एखादी किंमत मजकुरात दाखवतो ते रूप) बदलले आहे: जेथे पूर्वी २१.५ एवढेच दिसे, तेथे आता एनपी.फ्लोट६४(२१.५) असे दिसते. आमचा कोड उपकरणाच्या सुधारणा-गुणकाची किंमत रिप्रनेच मजकूर फाइलमध्ये लिहीत होता. लिहिताना काहीच चुकत नव्हते. पुढच्या वेळी वाचताना ती संख्या वाटत नव्हती. ही आवृत्ती वापरकर्त्यांच्या हाती आधी पडली असती, तर बिघडलेल्या फाइली किती संगणकांवर तयार झाल्या असत्या याचा अंदाज करवत नाही. लिहिण्याआधी पायथनच्या साध्या फ्लोटमध्ये रूपांतर करण्याची एका ओळीची दुरुस्ती जूनच्या आधी प्रसिद्ध झाली.

ओळ काढताना काय गेले

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.८ ची देखभाल संपली आणि ३.१३ प्रसिद्ध झाली. वचनाप्रमाणे आम्ही ३.८ सोडली. पॅकेजच्या माहितीतील किमान पायथन आणि मॅट्रिक्स यांत एकाच कमिटमध्ये (कोडमधील बदलांच्या एकाच नोंदीत) बदल झाला; ३.८ वर राहिलेल्यांना पिप आपोआप आमचे जुने रिलीज देतो, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. विंडोजवरची दोन टोके आता ३.९ आणि ३.१३ झाली. जॉब पुन्हा अकराच, सर्व हिरवे.

पुढच्याच रिलीजनंतर विंडोजवरून तक्रार आली, की मिलिसेकंदांतील वेळ वाचताना ओव्हरफ्लो एरर येते. नव्या कोडमध्ये वेळांच्या यादीचा नमपाय अ‍ॅरे बनवताना प्रकार म्हणून नुसता इंट लिहिलेला होता. नमपायच्या पहिल्या पिढीत विंडोजवर हा प्रकार ३२ बिटांचा असतो आणि त्यात २,१४७,४८३,६४७ पेक्षा मोठी संख्या बसत नाही. १९७० पासूनचे मिलिसेकंद त्याच्या शेकडो पट मोठे असतात. नमपाय २.० पासून ६४ बिटांच्या विंडोजवरही हा प्रकार ६४ बिटांचा झाला. म्हणजे दोष दिसण्यासाठी विंडोज आणि जुनी नमपाय या दोन्ही गोष्टी एकत्र लागत होत्या, आणि अशा जोडीची आपल्याला गरज नाही असे आम्ही तीन तक्रारींवरून ठरवले होते.

याहून खटकणारी बाब अशी, की ही जोडी काही काळ आमच्याकडे तपासली जात होती. पायथन ३.८ वर नमपाय २.० चालतच नाही, त्यामुळे विंडोजवरच्या ३.८ च्या जॉबमध्ये नेहमी पहिल्या पिढीची नमपाय बसत असे. ती ओळ आम्ही पायथनसाठी ठेवली होती आणि ती नकळत नमपायसाठीही राखण करीत होती. ३.९ वर नमपाय २.० चालते. ओळ काढली तेव्हा दुसरी राखणही गेली, आणि आवृत्त्या ताडून पाहणारी चाचणी गप्प राहिली, कारण विंडोजच्या ओळीसाठी नमपायची अपेक्षित आवृत्ती ‘नवीनतम’ एवढीच लिहिलेली होती.

प्रकार स्पष्टपणे ६४ बिटांचा लिहून दोष मिटवला आणि विंडोज, पायथन ३.९ व नमपाय १.२० अशी आणखी एक ओळ जोडली. मॅट्रिक्समधील प्रत्येक ओळीपुढे आता टिप्पणी असते: ही ओळ कोणत्या वचनासाठी किंवा कोणत्या दोषासाठी आहे आणि ती कोणत्या अटीवर काढता येईल. या नव्या ओळीपुढे ‘नमपायच्या पहिल्या पिढीचा आधार सोडेपर्यंत’ असे लिहिले आहे. डेबियनच्या ओळीपुढे एसक्यूलाइटचे कारण आहे, किमान आवृत्त्यांच्या ओळीपुढे स्लायडिंग विंडो व्ह्यूचे. मॅकओएसच्या दोन ओळींनी अद्याप एकही दोष पकडलेला नाही. त्या ठेवाव्यात की काढाव्यात यावर आमचे एकमत नाही आणि त्यांच्यापुढची कारणाची जागा अजून रिकामी आहे.